पाहुणे येणार म्हणून विहीर धुतली

विहीर धुवायची कल्पना माझीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर गावातलं दुसरं कुणी सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

सगळी नोकरी मी पंचायत समितीत काढली. कारकून म्हणून लागलो, हेडक्लार्क म्हणून सुटलो. या नोकरीत माणूस काय शिकतो असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर एकच: साहेब यायच्या आधी आवरायला. तपासणी लागली की फायलींना नवी कव्हरं चढायची, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांवर गेरू फिरायचा, मोडक्या खुर्च्या शेजारच्या खात्यात पाहुण्या जायच्या. बंद नळाखाली आम्ही भरलेली बादली ठेवायचो, म्हणजे बघणाऱ्याला नळ चालू वाटावा. या कलेत माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. मोठा दौरा असला की दुसरी ऑफिसं मला उसनं मागून नेत. निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, "यांच्या काळात एकाही तपासणीत आपल्यावर शेरा आला नाही." मी डोळे पुसले होते. मूर्ख माणूस.

निवृत्त झालो आणि गावी आलो. खामगावहून बस सुटली की तासाभराच्या आत आमचा फाटा येतो. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वस्तीच्या टोकाला विहार, विहाराच्या मागे विहीर आणि विहिरीला लागून नाला. या विहिरीबद्दल थोडं सांगावं लागेल. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना चढू देत नसत. खाली घागर घेऊन उभं राहायचं, वरून कुणाला दया आली तर तो ओतणार. मग एका उन्हाळ्यात वस्तीनेच कुदळी उचलल्या. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि तिथून सुटलं की इथे खणायचं. माझी आत्या तेव्हा परकरातली पोर होती. टोपलीने दगडमाती वाहून तिच्या डोक्याचा मधला भाग कायमचा विरळ झाला, असं ती सांगते. खोटं असेल, पण तिला ते सांगायचा हक्क आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, ती या विहिरीजवळच्या खोलीत राहिली. नळयोजना आली, गेली, परत आली. विहीर कुठे गेली नाही. जयंतीला अख्ख्या गावाला सरबत पाजतो ते याच पाण्याचं, आणि ज्यांच्या आज्यांनी आमच्या घागरीत वरून पाणी ओतलं ते गिलास रिकामा करून दुसरा मागतात. यापेक्षा मोठी मिरवणूक कोणती असते?

नाल्याच्या वरच्या अंगाला तेलाचा कारखाना आहे. सरकीचं तेल तिथे धुऊन साफ करतात. तेल साफ होतं, धुतलेलं पाणी घाण होतं, आणि ते पाणी कुठे जातं हे नाल्याला विचारा. पाणी शुद्ध करायचं यंत्र कारखान्यात आहे, नाही असं नाही. मी स्वतः बघितलंय. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात. बाकीचं वर्ष ते आराम करतं, कारण चालवलं तर वीज जळते. कारखान्याची वीज वाचावी म्हणून आमची विहीर खर्ची पडली. हिशेब इतका साधा आहे.

मी गावी आलो तेव्हा विहिरीच्या पाण्यावर साय धरत होती. आंबलेल्या ढेपेसारखा, पेंडीसारखा वास. आंघोळ केली की अंग खाजायचं. आत्याची तक्रार मात्र स्वयंपाकघरातली होती.

"डाळच शिजत नाई बे या पाण्यानं," ती म्हणाली. "तू तं साहेबाच्या हाफिसात होता. कर ना काई. का नुसतीच पेन्शन खातं?"

मी अर्ज केला. अर्ज करणं मला येतं. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त, सगळं जिथल्या तिथे. प्रदूषण बघणारं जे सरकारी खातं आहे त्यांच्याकडून उत्तर यायला उन्हाळा सरून पावसाळा गेला, पण उत्तर आलं. अमुक दिवशी अधिकारी येऊन पाण्याचा नमुना घेतील. खाली बारीक अक्षरात: प्रत माहितीस्तव, कारखाना व्यवस्थापन.

एवढी वर्षं प्रती काढण्यात गेलेला माणूस मी. चोराला पोलिसांनी आधी पत्र पाठवून कळवावं की अमुक वारी आम्ही तुमच्याकडे येतो, तसला हा प्रकार, हे मला तिथल्या तिथे दिसायला हवं होतं. मला काय दिसलं? माझ्या अर्जाची दखल घेतली गेली. मी ते पत्र विहारात मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि मग माझ्या अंगात जुना हेडक्लार्क संचारला. साहेब येणार! विहीर ही अशी? कठड्यावर शेवाळ, आत प्लास्टिक तरंगतंय, रहाटाचा दोर कुजलेला. लोक काय म्हणतील? वस्तीची काय शोभा राहील? आमच्या लोकांच्या मनात ही गोष्ट फार खोल बसलेली आहे. आपल्याला कुणी घाण म्हणू नये. पिढ्यान् पिढ्या ते ऐकलेलं, म्हणून आमच्या घरांतली भांडी जरा जास्तच लखलखतात. मी नुसतं "साहेब येऊन राह्यले" म्हणालो आणि सगळी वस्ती झाडू घेऊन उठली. पोरांनी मोटार लावून पाणी उपसलं. दोघं खाली उतरले, गाळ काढला. बायकांनी कठडा घासला. मी स्वतः खामगावला जाऊन ब्लिचिंग पावडर आणली आणि माझ्या हाताने आत टाकली. चुना मारला. कडेने गेरूचा पट्टा. आदल्या दिवशी बघितलं तर नाल्यातलं पाणीही निवळशंख! मी म्हणालो, बघा, निसर्गसुद्धा साथ देतो. कारखान्याने नाल्यात सोडलेला पाईप बंद ठेवलाय हे एका शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण शेंबडी पोरं रांगोळीची टोपली धरून उभी होती.

साहेब आले. शाल, श्रीफळ. विहिरीत डोकावले आणि थक्क झाले.

"मी एवढी गावं फिरतो," ते म्हणाले, "पण इतकी स्वच्छ विहीर पहिल्यांदा बघतोय. हिवरा आश्रमाच्या पवित्र आवारात गेलं की वाटतं तसं इथे वाटतंय. याला म्हणतात लोकसहभाग."

मी लाजलो. खरंच सांगतो, लाजलो! नमुन्याची बाटली भरली, ती मी पुसून दिली. साहेबांनी वस्तीतल्या बायकांना कापडी पिशव्या वाटल्या. पिशवीवर एका बाजूला "प्लास्टिक टाळा, पृथ्वी वाचवा" आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचं नाव. जीप धुरळा उडवत गेली.

बायको हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, "अहो, आपली तक्रार कायची होती म्हंता?"

मी तिच्या हातून पिशवी घेतली आणि कारखान्याचं नाव आत जाईल अशी घडी घातली.

अहवाल आला: पाणी समाधानकारक. परिसराची स्वच्छता उल्लेखनीय. त्याच आठवड्यात पाईप पुन्हा सुरू झाला, साय पुन्हा धरली, आणि आत्याने मला घरासमोरून जाताना हाक मारणं बंद केलं. वस्तीतली पोरं मला "ब्लिचिंग काका" म्हणायला लागली. साखरखेर्ड्याला मेहुणा असतो, त्याचा फोन आला: "भाऊजी, आमच्या इकडे बी एक हौद साफ करायचा हाय, कधी येता?" बातमी तिथवर पोचली होती.

स्वतःवर चिडायला मला वेळ लागत नाही, सवय आहे. पण या वेळी मी स्वतःवर चिडून थांबलो नाही, आणि थांबू नयेच. मी मूर्ख होतो हे कबूल. पण माझ्या मूर्खपणाने नाल्यात पाणी सोडलं नाही. साफसफाई आम्ही केली आणि कारखान्यानेही केली, आम्ही अब्रूपायी आणि त्यांनी अब्रू झाकायला. आणि हे दोन्ही ज्याच्या पत्राने घडलं ते सरकार वर पिशवी वाटून गेलं. रोज सकाळी आमच्या दारात घंटागाडी येते. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, गाणं वाजतं. माझी बायको कांद्याची सालं आणि बिस्किटाचा कागद वेगवेगळा करते, आणि वर टँकरच्या टँकर भरतील इतकं पाणी तो पाईप नाल्यात ओततो, ते ओलं की सुकं? त्याच्या दारात कोणती घंटा वाजवायची? पृथ्वी वाचवायची तर ती आत्याने, पिशवीने. कारखान्याने फक्त पिशवी छापायची.

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी भेटीची सूचना न देता या, असं लिहिलं. सूचना आलीच. प्रत माहितीस्तव, तीच.

आता माझी पद्धत उलटी. कुणीही विहिरीला हात लावायचा नाही. हे सांगणं सोपं, पाळणं कठीण. सकाळपासून मी कठड्याजवळ खुर्ची टाकून राखण करत बसलो, आणि तरी एकेक बाई पदर खोचून झाडू घेऊन येतच होती.

"थोडंसं झाडतो फक्त," शेजारची वहिनी म्हणाली.

"नाही."

"साहेब येऊन राह्यले नं भाऊ. अशी घाण पाह्यली तं का म्हंतीन आपल्याले?"

"घाणच दाखवायची आहे, वहिनी."

"बापा! अशी घाण कोनी दाखवते का!" तिला माझी खरंच काळजी वाटली. मागच्या वेळी पाणी साफ करून फसलेला माणूस या वेळी डोक्याने फसला, असा तिचा चेहरा.

आणि पाईपही या वेळी पुरता गप्प नव्हता. तीन पाळ्यांचा माल निघायचा होता म्हणे. बारीक धार चालूच होती. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

तेच साहेब. विहिरीत डोकावले, नाकाला रुमाल लावला, मागे सरकले.

"हे काय? मागच्या वेळी केवढी छान ठेवली होती. आता तुम्ही देखभालच सोडली. आधी साफ करून घ्या, मग नमुना घेऊ. असा नमुना प्रातिनिधिक येत नाही."

नोकरीभर मी इतरांना अशा वाक्यांनी गार केलं, पण मी त्या वाक्याच्या समोरच्या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो.

आत्या खोलीतून काठी टेकत बाहेर आली. तिने साहेबांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काऊन साहेब, वास येऊन राह्यला का?"

"हो आजी, फार."

"तं मंग भरून घे ना बाटली. वास आम्ही भरला नाई त्याच्यात. डॉक्टर म्हंते का, आधी बरा हो अन् मंग ये तपासाले?"

बायका हसल्या. हसत हसतच त्या जीपच्या भोवती सरकल्या. कुणी काही बोललं नाही, कुणी हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. साहेबांनी बाटली भरली. पाईपाच्या तोंडाचंही भरा असं मी म्हणालो. तिकडे उतरायला वाट नाही, बूट घसरतात, असं ठरलं. आम्हीच भरून देतो म्हटलं, तर नागरिकाने भरलेलं पाणी कायद्याला चालत नाही. आमचं पाणी आमच्या पोटाला चालतं, कायद्याला चालत नाही.

तरी अहवाल आला आणि तो आमच्या बाजूने आला. पाणी पिण्यास अयोग्य! मी पेढे वाटले. होय, आपल्या विहिरीत विष आहे म्हणून खामगावहून पेढे आणून वस्तीत वाटणारा माणूस मीच. आत्याने पेढा घेतला, मला हाक मारली, डोक्यावरून हात फिरवला. "आता पाईप बंद होते का बे?" तिने विचारलं. "होते म्हणजे? सरकारचा कागद आहे," मी म्हणालो.

सरकारने कागदावर कारवाई केली, तीही झटपट. ग्रामसेवक एक पेंटर आणि लोखंडी जाळी घेऊन वस्तीत आला. पाणी अयोग्य आहे, स्रोत ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, सबब विहीर बंद करण्यात यावी. प्रदूषण कशामुळे, हे अहवालात "निश्चित होऊ शकले नाही". पाईपाचा नमुनाच घेतला नाही तर निश्चित काय होणार? पाईपाबद्दल एक ओळ नव्हती.

"पाईप?" मी विचारलं.

"तो आपल्याकडे येत नाही, काकाजी," ग्रामसेवक म्हणाला. वाईट माणूस नव्हता. खाली बघत होता. "मला विहिरीचा आदेश आहे."

ज्यांनी वार केला त्यांना सोडून जखमेलाच अटक. आमच्या आज्या-पणज्यांना एका विहिरीवर चढू दिलं नाही, म्हणून त्यांनी ही खणली. आता त्यांच्या नातवंडांना हिच्यावरही चढता येणार नाही, आणि या वेळी हे काम गावाने केलं नाही, सरकारने केलं, शिक्का मारून, आमच्या आरोग्यासाठी. आत्या दारात बसून बघत होती. जाळीचे बोल्ट आवळले जात होते. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "पेढे तू कायचे वाटले होते बे?"

पेंटर कठड्यावर लाल रंगात लिहीत होता: हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. अक्षर सुंदर होतं. त्याचं लिहून झालं, डब्यात रंग उरला. मी म्हणालो, "डबा दे जरा."

"कायले काकाजी?"

"अजून एका जागी लिहायचंय."

भर दुपारी मी नाल्याच्या कडेने वर चाललो. वय बासष्टच्या पुढचं, पायात रबरी चप्पल, हातात लाल डबा. कारखान्याच्या मागच्या भिंतीतून पाईप बाहेर येतो, तिथे खाली उतरलो. उतरायला वाट नाही हे साहेबांचं म्हणणं खरं होतं, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवतो. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला लागलो. "हे पाणी पिण्यास" इथपर्यंत आलो. पुढच्या शब्दासाठी एक पाऊल मागे घेतलं, कारण अक्षर सरळ येतंय का ते बघायची हेडक्लार्कची खोड, आणि थेट पाईपाच्या खालच्या डबक्यात बसलो. छातीपर्यंत. डबा पालथा. वरून पाईपाची धार डोक्यावर.

भिंतीवर आजही एवढंच आहे: हे पाणी पिण्यास. बघणाऱ्याला वाटतं, कारखान्याने पाणपोई घातली.

वॉचमनने मला ओढून काढलं आणि आत फोन केला. मी अजून धुवायला पाणी शोधत होतो तोवर पोलिसांची गाडी हजर. त्या दिवशी मला कळलं की आमच्या भागात सरकार आहे. आणि जवळच आहे. अर्जाला उत्तर द्यायला ज्याला ऋतू बदलावे लागतात, ते भिंतीला रंग लागला म्हटल्यावर सायरन वाजवत येतं.

ठाण्यात जमादाराने मला बाकावर बसवलं, मग जरा लांबच्या बाकावर बसवलं, मग पंखा माझ्याकडून स्वतःकडे फिरवला.

"काका, तुमच्या आंगाले कायचा वास येऊन राह्यला हो?"

"कारखान्याच्या पाण्याचा."

"लय बेक्कार हाय. डोळे चुरचुरून राह्यले माहे."

"लिहा ना ते."

"का लिहू?"

"पंचनाम्यात. आरोपीच्या अंगावर काय काय आढळलं ते लिहावं लागतं. रंग आढळला, तसं हेही आढळलं." मी सरळ बसलो. एवढ्या वर्षांची नोकरी एकदाची कामाला आली. "कपडे मुद्देमाल म्हणून जप्त करा. नाहीतर उद्या माझा वकील विचारेल, मुद्देमाल काऊन नाही घेतला."

जमादाराने माझ्याकडे बघितलं, कपड्यांकडे बघितलं, आणि लिहिलं. आरोपीचे कपडे कारखान्याच्या सांडपाण्याने भिजलेले असून त्यास उग्र व असह्य वास येत आहे, पंचांचे डोळे चुरचुरले. खाली दोन पंचांच्या सह्या. माझे कपडे पिशवीत गेले, लाखेचा शिक्का लागला. बायकोने घरून लुंगी आणली, ती आणताना इतकी हसत होती की जमादारही हसला. मग हसू आवरून ती म्हणाली, "आत्यानं आज चूल पेटवली नाई."

केस सुरू आहे. मालमत्ता विद्रूप करणे. कारखान्याचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. माफी लिहून द्या, आम्ही तक्रार मागे घेतो, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, वर जयंतीला टँकर पाठवतो, सरबत करा. वकीलही म्हणतो, मिटवून टाका, दंडावर सुटाल. बायको म्हणते, या वयात कोर्टात उभं राहणं शोभतं का?

मी मिटवणार नाही. एवढ्या अर्जांनंतर आणि एवढ्या साहेबांनंतर ते पाणी कारखान्याचं आहे आणि ते सडकं आहे असं सरकारने सही-शिक्क्यानिशी लिहिलेला एकच कागद जगात आहे, आणि तो माझ्यावरच्या गुन्ह्याचा आहे. तक्रार मागे घेतली की तो कागद रद्दीत जाईल आणि पिशवीतले कपडे मला परत मिळतील. मला ते नकोत. मला ते कोर्टात उघडायला हवेत, पंखा चालू असताना, साहेब लोक समोर बसलेले असताना. मागच्या तारखेला आत्या माझ्यासोबत बसने आली होती. कोर्टाच्या आवारात तिने मला विचारलं, "आज उघडतीन का ते थैली?"

उघडली नाही. पुढची तारीख मिळाली. आम्ही दोघं परत निघालो. पाईप चालू आहे.